पांढरी

दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात ज्याच्या आयुष्याची 34 वर्षे खर्ची पडली, त्याच माणसाच्या पाठीवर एके दिवशी कोणी रेघा माराव्यात, चौकटी पाडाव्यात आणि त्या चौकटींना अनुक्रमांक द्यावेत, यात दैवाचा थोडासा खट्याळपणा असला पाहिजे. पुण्यातील एका रुग्णालयात, सदरा उतरवून, स्टुलावर पाठमोरा बसून मी हा प्रसंग अनुभवला. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्या माझ्या पाठीवर चिकटपट्ट्या बसवीत होत्या, पट्टीपट्टीवर शर्टाच्या बटणाएवढ्या वाट्यांच्या रांगा होत्या, वाटीवाटीत निराळा पदार्थ होता, आणि कडेने त्या पेनाने आकडे घालीत होत्या. "दोन दिवस अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही, आणि खाजवायचं तर मुळीच नाही," अशी ताकीद मिळाली. 48 तासांनी पट्ट्या निघाल्या, 96 तासांनी पुन्हा पाहणी झाली, आणि बाकीचे सर्व गट बिनतक्रार ठरून एकाच गटात लालभडक, बोटाला लागेल असा पुरळाचा उंचवटा आढळून आला. "काका, हे बघा, गाजर गवत," असे म्हणून बाईंनी मोबाईलवर काढलेले छायाचित्र माझ्यापुढे धरले. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी जसा नकाशा निरखावा, तशी मी चष्मा पुसून माझी पाठ निरखली.

गाजर गवताची आणि माझी ओळख काही त्या दिवशीची नव्हे. ज्या अमेरिका खंडातून ते इकडे आले, तेथे त्याला काय मान आहे हे मला ठाऊक नाही. परंतु हिंदुस्थानात त्याच्या फैलावाची वार्ता प्रथम पुण्याहूनच उठली, आणि 1956 साली आर. एस. राव यांनी त्याची रीतसर नोंद केली ती पुण्यातल्याच झाडांवरून. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून त्याचे बी आले, असे आमच्याकडचे जुने लोक शपथेवर सांगत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणे, कोणी चांदण्यांसारख्या बारीक पांढऱ्या फुलांवरून चटकचांदणी म्हणे. नाव कोणतेही असो, पहिला पाऊस पडला की पाटाच्या कडेने, बांधाच्या उतरणीवर, स्मशानाच्या वाटेला आणि ज्या जमिनीचा वाद कोर्टात पडला आहे अशा हरेक पडीक तुकड्यावर ते कंबरेएवढे वाढलेले असावयाचेच. आणि मोजणीदाराचे काम नेमके बांधावरचे. हातात टिपण, खांद्यावर साखळी, मागे दोन्ही पक्षांचे भाऊबंद आणि पुढे हद्दीचा दगड शोधीत मी त्या गवतातून 34 वर्षे चाललो. वाळलेल्या झाडाची सूक्ष्म लव वाऱ्यावर उडून मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या वळीत बसत असेल, याची मला जाणीवही नव्हती. त्या लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पुण्याच्या लोणकरांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी 1974 सालीच या गवताने होणाऱ्या त्वचादाहाविषयी लिहून ठेवले होते. मी नोकरीत रुजू झालो तो त्यानंतर 3 वर्षांनी. म्हणजे कागद तयार होता, फक्त तो माझ्या टेबलापर्यंत आला नव्हता. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसास याचे आश्चर्य वाटू नये.

विलक्षण गोष्ट अशी की, पहिली बरीच वर्षे मला काहीही झाले नाही. त्वचा हे इतके सहनशील दफ्तर आहे की, आलेला प्रत्येक कागद ते निमूटपणे फाईलीला लावीत जाते. परंतु एकदा का तिने एखाद्या द्रव्याविरुद्ध फिर्याद नोंदवून घेतली, की मग ती फिर्याद निकालात निघत नाही, तिला मुदतीचा कायदा लागू होत नाही, आणि फिर्यादीचे कारण नावालासुद्धा जवळपास फिरकले तरी दोन दिवसांच्या आत समन्स निघते. शास्त्राच्या भाषेत ही रक्तातील पेशींची स्मृती होय. माझ्या बाबतीत निवृत्तीला 4-5 वर्षे उरली असताना पापण्या सुजू लागल्या, मानेची कातडी जाड व काळपट होऊन तिला म्हशीच्या मानेसारख्या वळ्या पडल्या, आणि पुढे पुढे तर गवत नसले तरी नुसत्या उन्हानेच चेहऱ्यावर निखारे फिरविल्यासारखे होऊ लागले. या रोगाच्या काही रोग्यांना कालांतराने ऊनच सोसेनासे होते, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. तोवर मी, चारचौघे करतात तेच करीत होतो. एका औषधाच्या दुकानातून, कोणालाही न दाखवता, एक मलम आणून लावीत होतो. मलम गुणकारी, इतके गुणकारी की रात्री लावावे आणि सकाळी माणूस बोहल्यावर उभे राहण्याच्या लायकीचा व्हावा. त्यात स्टेरॉइड होते. चेहऱ्यावर ते महिनोन्महिने फासले की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, शिरांचे लाल जाळे वर येते, आणि मलम थांबविताच मूळचा दाह दामदुपटीने परततो. सावकाराच्या कर्जाची रीत हीच असते. 2018 साली केंद्र सरकारने असल्या 14 स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मज्जाव करणाऱ्या यादीत घातले. मलमाची ती नळी मात्र अजूनही गावोगावच्या फडताळांत, देवाच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी, सुखाने नांदताना मी पाहतो.

बाईंनी लिहून दिलेल्या चिठ्ठीत गोळ्या होत्याच. पण तोंडी हुकूम तीन कलमांचा होता. पहिले कापड: पुऱ्या बाह्यांचा सदरा, मोठ्या काठाची टोपी किंवा कान व मान झाकेल असे उपरणे. दुसरी सावली. आणि तिसरे, या दोहोंच्या मागून, त्यांच्या जागी नव्हे, "झिंकवालं सनस्क्रीन, वास नसलेलं, आणि मागची यादी जितकी आखूड तितकं बरं."

मनुष्यस्वभाव असा की, तीन कलमांपैकी जे फुकटचे असते ते तो विसरतो आणि जे विकत मिळते त्याच्या मागे लागतो. मीही लागलो. शिरूरच्या बाजारपेठेत गेलो तेव्हा दुकानातल्या मुलाने माझ्या वयाकडे, धोतराकडे आणि मागणीकडे आळीपाळीने पाहिले, व "घरी कुणासाठी पाहिजे?" असे विचारले. स्वतःसाठी, असे सांगितल्यावर त्याने जी नळी पुढे केली तिची शिफारस एकाच गुणावर होती: "अजिबात पांढरं दिसत नाही, काका." औषधनिर्माणशास्त्र शिकणारी माझी नात बरोबर होती. तिने नळी उलटी करून मागील बारीक छपाई वाचण्यास सुरुवात केली, आणि मला एकदम आपल्या खात्याची आठवण झाली. खरेदीखत हाती आले की अडाणी माणूस पहिल्या पानावरचा मुद्रांक पाहतो, अनुभवी माणूस शेवटच्या पानावरची चतुःसीमा वाचतो. प्रसाधनाच्या नळीचेही तसेच आहे. पुढच्या बाजूला सूर्य, लाटा, पाने, आणि मोठ्या आकड्यातला एसपीएफ. मागच्या बाजूला खरी चतुःसीमा. "आजोबा, यात झिंक नाहीच," नात म्हणाली, "शिवाय वास आहे." त्या नळीतली उन्हाची राखण सेंद्रिय रसायनांवर सोपविलेली होती. ती रसायने वाईट आहेत असे मुळीच नाही. कोट्यवधी लोक ती निर्धास्तपणे लावतात. परंतु ज्याची कातडी आधीच फिर्यादी वृत्तीची झाली आहे, त्याच्या बाबतीत त्यांतल्या काहींविरुद्ध, विशेषतः ऑक्सिबेन्झोनसारख्या बेन्झोफेनोन कुळातील द्रव्यांविरुद्ध, नवा खटला उभा राहण्याचा संभव असतो. आणि कधी कधी तर तो खटला ऊन लागल्यावरच उभा राहतो. झिंक ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे त्या मानाने अबोल. ती पाण्यात विरघळत नाहीत, कातडीच्या वरच्या मृत थरावर पडून राहतात, आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने तक्रार केल्याचे क्वचितच ऐकू येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 साली जो मसुदा काढला, त्यात सुरक्षित व परिणामकारक म्हणून निःशंक मान्यता देण्याजोगी द्रव्ये दोनच मानली, ती ही दोन.

पहिल्या खेपेला मात्र आम्ही फसलो, आणि फसलो ते एका सुंदर शब्दापायी. दुसऱ्या एका दुकानात झिंक असलेली नळी मिळाली, तिच्यावर 'नैसर्गिक' असे लिहिले होते, आणि यादीच्या मध्यावर कॅलेंड्युला नावाच्या फुलाचा अर्क होता. फूल म्हणजे सौम्य, असे आम्हा दोघांनाही वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा डोळा उघडेना. मागाहून कळले की कॅलेंड्युला, झेंडू, शेवंती, सूर्यफूल, कॅमोमाइल आणि गाजर गवत ही सारी एकाच कुळातली भावंडे. गवताशी ज्याचे वैर, त्याचे या भाऊबंदांशीही वाकडे येण्याचा संभव मोठा. भाऊबंदकीचा इतका अनुभव गाठीशी असलेल्या मोजणीदाराने वंशावळ न पाहता व्यवहार करावा, याबद्दल मी स्वतःखेरीज कोणाला दोष देऊ? तेव्हापासून नवी नळी आली की ती प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस, रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावावयाची, आणि तेथून काही हरकत न आली तरच चेहऱ्याचा ताबा द्यावयाचा, असा दंडक घातला आहे. फेरफाराच्या नोंदीला हरकतीची मुदत ठेवतात, ती काही उगाच नव्हे.

ही खनिजे काम कसे करतात, याबद्दल माझी समजूत बरीच वर्षे चुकीची होती, आणि ती ज्यांच्याकडून मी घेतली त्या छापील माहितीपत्रकांचीही होती. ती उन्हाला आरशासारखी परत फिरवितात, असे सर्वत्र सांगितले जाते. चित्रेही तशीच काढतात, ढालीवर आदळून माघारी वळणाऱ्या बाणांची. प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा असे दिसले की, अतिनील किरणांपैकी परत फिरतात ते जेमतेम 4-5 टक्के. उरलेले बहुतेक ही खनिजे स्वतः शोषून घेतात आणि अत्यल्प उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. आरसा नव्हे, तर घोंगडे. 290 ते 320 नॅनोमीटरच्या पट्ट्यातील किरणांनी कातडी भाजते. 320 ते 400 च्या पट्ट्यातील किरण खोलवर जातात, काचेतूनही बऱ्याच अंशी पार होतात, आणि एसटीच्या खिडकीशी बसणाऱ्याची एकच बाजू का रापते याचा उलगडा करतात. टिटॅनियमची राखण पहिल्या पट्ट्यात अधिक चोख. झिंकची दुसऱ्यातही दूरवर पोहोचते. माझ्यासारख्याला म्हणूनच झिंक. आणि टिटॅनियम तर भिंतीच्या रंगातला पांढरेपणाही पुरविते, इतके ते झगझगीत. नुसते तेच फासले तर माणूस नव्याने रंगविलेल्या चावडीसारखा दिसावयाचा.

माझ्या मोजणीदार मनाला सर्वांत भावले ते प्रमाणाचे शास्त्र. नळीवरचा एसपीएफचा 30 वा 50 हा आकडा काढताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या दराने लेप देतात. 30 म्हणजे भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्सा आत येतो, 50 म्हणजे पन्नासावा. दोहोंतला फरक शेकड्याला दोनाहूनही कमी. लोक वाद घालतात तो आकड्यांबद्दल, आणि लावतात प्रयोगशाळेच्या चौथाई वा निम्मे. मी बसून हिशेब केला. चेहरा, कान आणि मान मिळून सुमारे 600 चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेस सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा. दिवसातून दोनदा लावले तर 50 ग्रॅमची नळी 20 दिवसांत संपते, आणि पेन्शनरास हा आकडा उन्हाइतकाच झोंबतो. हिशेबाला हात घातलाच होता म्हणून गुंठ्याचाही दर काढून पाहिला. आमची जुनी साखळी 33 फुटांची, तिचा चौरस म्हणजे 1089 चौरस फुटांचा गुंठा. त्याला हा लेप द्यावयाचा तर 2 किलोंहून किंचित अधिक झिंकमलम लागेल. शेणखताच्या मानाने काहीच नाही. हा आकडा मी नातीला मोठ्या अभिमानाने सांगितला. ती बराच वेळ हसत होती, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या नळीला 'खत' हे नाव पडले.

पण इतके लावावयाचे म्हणजे पांढरे दिसावयाचे. खनिजाचे कण बारीक करून नॅनो आकाराला आणले तर पांढरेपणा पुष्कळ कमी होतो. कारखानदारांची सारी धडपड त्याचसाठी चालू असते. माझ्या कातडीला मात्र जी नळी शेवटी मानवली, ती जुन्या धाटणीची, जाडसर कणांची, घट्ट. काळ्यासावळ्या चेहऱ्यावर ती राखाडी-जांभळट छटा आणते. पहिल्या दिवशी मी पारावरून गेलो तेव्हा एकाने हटकलेच, "काय तात्या, आज कुठल्या फडात उभं राहायचंय?" टोमणा नेमका होता. आमच्या घोड नदीला जिचे पाणी येऊन मिळते त्या मीना नदीच्या काठचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तेथल्या राहुट्यांत कंदिलाच्या, पुढे विजेच्या दिव्याखाली सोंगाड्यांनी तोंडाला जो सफेदा फासला, तो माझ्या लहानपणी आम्ही पोरांनी कनातीच्या फटीतून पाहिलेला. सफेदा या नावाखाली कधी शिशाची विषारी भुकटी खपे, कधी जस्ताची निरुपद्रवी. विकणाऱ्यालाही त्यातला भेद नेहमीच ठाऊक असावयाचा असे नाही. म्हणजे माझ्या तोंडाला लागलेले द्रव्य खरोखरच फडाचे होते. कांजिण्या आलेल्या पोराच्या अंगावर जे गुलाबी कॅलामाईन लावतात त्यातही मुख्यत्वे हेच, चिमूटभर लोहभस्माने रंगविलेले. पोराला कोणी हसत नाही. पुरुषाने, तेही सत्तरी गाठलेल्या पुरुषाने, दिवसाढवळ्या तोंडाला काही फासावे याचे हसू येते, आणि मला वाटते की आमच्याकडचे कितीतरी शेतकरी मानेवर चराचरा खाजवीत हंगामामागून हंगाम काढतात, ते औषधाच्या किमतीपेक्षा या हसण्याच्या धाकाने.

मी आठ दिवस घराबाहेर पडलो नाही. नवव्या दिवशी पडलो, तो पांढरीवर गेलो.

ज्यांना खेड्याची परिभाषा परिचित नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे की, गावाच्या जमिनीचे जुने लोक दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, जिच्यावर सारा बसे. पांढरी ती वस्तीची, जिथे माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती उभ्या राहिल्या आणि कोसळल्या, आणि या साऱ्याच्या मिश्रणाने जिची माती पांढरट झाली. गाव उठून जाते, पांढरी राहते. आणि ती माती खताच्या गुणाची म्हणून मागून येणारे लोक गाड्या भरभरून आपल्या काळीत नेऊन टाकतात. आमच्या इनामगावच्या शिवारात, घोडेच्या काठी असलेली पांढरीची टेकाडे साधीसुधी नव्हत. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी तेथे उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत, नऊशे वर्षे नांदलेले एक अख्खे गाव उघडे पडले: शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्या, भट्टी, पुराचे पाणी वळवून नेण्यासाठी खणलेला पाट. सातू पिकवणारे, गाईगुरे राखणारे ते लोक. वस्तीच्या पश्चिम कडेला कारागिरांची घरे होती, त्यांत कुंभाराचे होते आणि चुना भाजणाऱ्याचेही होते. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही या गावात एक मनुष्य असा होता, की संध्याकाळी कामावरून परतताना त्याच्या हातातोंडाला पांढरी पूड लागलेली असावयाची.

उत्खनन सुरू झाले त्या वेळी मी शाळकरी होतो, आणि सुटीत दोन हंगाम तेथे चाळणीवर बसलो. चार पायांच्या, कच्च्या मातीच्या भल्यामोठ्या रांजणात मांडी घालून बसविलेला पुरुषाचा सांगाडा, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत घराच्या जमिनीखालीच पुरलेली तान्ही बाळे, पावले तोडून मग दफन केलेली मोठी माणसे: या गोष्टी मोठ्या माणसांच्या कुजबुजीतून आमच्यापर्यंत येत आणि रात्री झोप उडवीत. आज त्या आठवताना निराळीच गोष्ट मनात येते. दातांवरून त्या लोकांचे अन्न सांगता येते, हाडांवरून वय सांगता येते, उपासमारीच्या वर्षांची खूणसुद्धा दातांच्या रेषांत मिळते. त्वचा मात्र कोठेच नाही. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोन दिवस या शिवारात भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. तो डोईवरचा सूर्य त्यांच्याही डोईवर होता. त्याने ते भाजले की रापले, त्यांनी अंगाला काही चोपडले की नाही, कोणाच्या मानेला वळ्या पडल्या होत्या की काय, यातले एक अक्षरही त्या टेकाडाने जपून ठेवलेले नाही. माणसाचे सर्वांत मोठे इंद्रिय, आणि दफ्तरी त्याची नोंद निरंक.

खापऱ्या मात्र अजून सापडतात. पावसाने माती धुपली की लालसर पाठीच्या, काळ्या रेघोट्यांच्या जोर्वे धाटणीच्या खापऱ्या वर येतात. त्या दिवशी टेकाडाच्या कडेला अशीच एक दिसली, अंगठ्याच्या नखाएवढी. ती तळहातावर घेतली (आणि पाहून झाल्यावर होती तेथे ठेवली, त्या जागेची वस्तू त्या जागेलाच शोभते). तिच्यावरचा लाल लेप लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या घरच्या गेरूचा जातभाई. आणि याच लोह ऑक्साइडविषयी नातीने आदल्या आठवड्यात मला एक गोष्ट सांगितली होती. झिंक अतिनील किरण अडविते, परंतु डोळ्यांना दिसणारा उजेड, विशेषतः त्यातला निळा भाग, त्याच्यातून बराचसा निसटतो. गालांवरचे वांग वाढण्यास आमच्यासारख्या सावळ्या कातडीत तोही कारण होतो, आणि त्याला अडविण्यासाठी हल्लीच्या काही नळ्यांत लाल, पिवळे व काळे लोह ऑक्साइड घालतात. त्याने उजेडही अडतो आणि पांढरेपणाही माणसाच्या रंगात मिसळून जातो. "मग घरचा गेरूच कालवला तर?" मी विचारले होते. "नाही आजोबा," ती ठामपणे म्हणाली, "घरच्या गेरूत शिसं आहे की आर्सेनिक, ते कोण बघणार? आणि कालवलेलं सगळीकडे सारखं बसेलच कशावरून?" तिचे म्हणणे रास्त होते. तरीही तळहातावरची ती खापरी आणि तळहाताच्या रेघांत साचलेले पांढरे झिंक मी बराच वेळ शेजारी शेजारी पाहत राहिलो. कुंभाराने मडक्याला दिलेला हात तीन हजार वर्षे टिकला होता. माझा लेप दर दोन तासांनी पुन्हा द्यावा लागतो.

रंगीत नळीही मग आणली. ती बरी आहे, चेहरा बराचसा चेहऱ्यासारखा दिसतो, आणि लग्नकार्याला मी तीच लावतो. पण रोजच्या वापराला ती पांढरीच ठेवली आहे, आणि याचे कारण काटकसर एवढेच नाही. मोजणीच्या धंद्यात मी शिकलो ते असे की, हद्दीची खूण दिसली पाहिजे. दगड जमिनीत गाडला गेला, त्यावर माती चढली, गवत माजले, की दोन्हीकडचे लोक प्रामाणिक असले तरी तंटा होतो. म्हणून खात्याचा नियम, की दगडाला चुना फासा. नाकावरचे पांढरे निघून गेले की आरशात तत्काळ दिसते, आणि पुन्हा लावण्याची आठवण होते. जे लावल्याचे दिसतच नाही ते पुसून गेल्याचेही दिसत नाही, आणि माणूस फसव्या भरवशावर दुपारभर बांधावर उभा राहतो. दुकानातल्या मुलाने ज्याला दोष मानले, त्यालाच मी आता त्या नळीचा मुख्य गुण मानतो. पारावरच्या मंडळींना हे पटलेले नाही. ते मला आता 'पांढरीचे पाटील' म्हणतात, आणि मी ओ देतो.

यंदा पाऊस लांबला, आणि घटस्थापनेपर्यंत पाटाच्या दोन्ही कडा गाजर गवताने पांढऱ्या झाल्या. दसऱ्याच्या सकाळी अंगणात झेंडूची रास पडलेली होती. ही तोरण ओवीत होती आणि मी आतल्या खोलीच्या दारातून, सहा हातांचे अंतर राखून, सूचना करीत होतो, ज्यांची तिला गरज नव्हती. 40 वर्षे दसऱ्याचे तोरण मी ओवले. तोरण संपवून ती उठली, हात साबणाने दोनदा धुतले, नखांत अडकलेली पिवळी पाकळी काडीने काढली, पदराला हात पुसता पुसता थांबली, कारण पदरालाही फुले लागली होती, आणि ओले हात तसेच धरून आत आली. मी आरशासमोर दोन बोटांवरच्या दोन रेघा चेहऱ्यावर पसरून मोकळा झालो होतो.

"अहो, इकडे वळा," ती म्हणाली. "कानामागचा तुकडा परत राहिलाय."